सासर अमेरिकेंत, घर डोंबिवलींत : भेटीच्या व्हिसाची मुलाखत

मुलीचें सासर दूर असणें ही आपल्या समाजांत नवी गोष्ट नव्हे. पूर्वी कोंकणांतली मुलगी घाटावर दिली म्हणजे मध्यें डोंगर आड येत. पुढें आगगाडी आली आणि तें अंतर एका रात्रीवर आलें. आज डोंबिवलींतल्या कित्येक घरांचें नातें समुद्रापलीकडे जुळलेलें आहे. विमान तें अंतर एका दिवसांत तोडतें. परंतु विमानांत पाय ठेवण्यापूर्वीं एका कांचेच्या खिडकीपुढें दोन-तीन मिनिटें उभें राहावें लागतें, आणि त्या दोन-तीन मिनिटांची धास्ती मात्र घरांत दोन-तीन महिने नांदते. ती खिडकी म्हणजे मुंबईंतील अमेरिकन वकिलातीची. तिच्यापुढें काय विचारतात, कां विचारतात, आणि त्यासाठीं तयारी म्हणजे नेमकें काय करावयाचें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

एक उदाहरण समोर ठेवूं. पति मराठी आईबापांचा, परंतु अमेरिकेचा नागरिक. नोकरीनिमित्त व आवडीनेंही भारतांत परतलेला. पत्नी येथेंच जन्मलेली, येथेंच शिकलेली, भारताची नागरिक. दोघांचा संसार डोंबिवलींत, मूल येथल्या शाळेंत. सासूसासरे न्यू जर्सींत. सासऱ्यांची प्रकृति अलीकडे बरी नसते, आणि सुनेनें व नातवानें एकदां येऊन जावें असा त्यांचा ध्यास. पतीला अडचण नाहीं. तो आपला पासपोर्ट खिशांत घालून उद्यां निघूं शकतो. अडचण पत्नीची. जी आपल्या दृष्टीनें घरची लेक, ती अमेरिकन कायद्याच्या दृष्टीनें ‘परकी पत्नी’ होय. अमेरिकन नागरिकाशीं विवाह झाला म्हणून तिला त्या देशांत पाहुणी म्हणून जाण्याचा हक्क मिळत नाहीं. उलट त्या विवाहामुळेंच तिची वाट थोडी अवघड होते. हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. त्याचें कारण समजून घेतल्यावांचून मुलाखतीची तयारी होऊं शकत नाहीं.

आपल्याकडेही पाहुणा आणि घरचा यांत कायदा भेद करतोच. भारताच्या घटनेचें नववें कलम व १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा यांमुळें एकाच वेळीं दोन देशांचें नागरिकत्व ठेवतां येत नाहीं. म्हणून वरील उदाहरणांतला पति मराठी बोलत असला, फडके रोडवरच्या पाडव्याच्या शोभायात्रेंत दरवर्षीं मिरवीत असला, तरी कायद्यानें तो येथें परदेशीच. ओ.सी.आय. कार्ड जवळ आहे म्हणून तो येथें मोकळेपणानें राहतो. एखाद्या डोंबिवलीकरानें अमेरिकन मुलीशीं लग्न केलें, तर तिलाही तें कार्ड मागतां येतें. पण विवाहाची नोंदणी होऊन तो सलग दोन वर्षें टिकलेला असावा लागतो. तोंपर्यंत तिनें व्हिसावरच यावें. सारांश, नातें हें कायद्याला दिसतें तें कागदांतून आणि काळांतून. घरांतल्या मायेंतून नव्हे.

हा खिडकीचा प्रकार फार जुनाही नाहीं. कल्याणशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे त्या आनंदीबाई जोशी १८८३ सालीं कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या व अमेरिकेस पोहोंचल्या; १८८६ सालीं त्यांनीं फिलाडेल्फियांत वैद्यकीची पदवी घेतली. मागाहून त्यांचे पति गोपाळरावही तेथें गेले. त्या दोघांस कोणत्याही वकिलातींत मुलाखत द्यावी लागली नव्हती, कारण तशी रीतच नव्हती. पुढें दारें लागत गेलीं. १९१७ च्या कायद्यानें भारतासह आशियाच्या मोठ्या भागांतून तेथें वसावयास जाण्याला बंदी घातली. १९४६ सालीं भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली, तीही वर्षाला अवघ्या शंभर माणसांच्या प्रवेशासह. १९५२ सालीं आज चालू असलेला मूळ कायदा झाला, आणि १९६५ सालीं राष्ट्रवार वांटणीची जुनी पद्धति मोडून त्यांत मोठा पालट करण्यांत आला. डोंबिवली-ठाण्याचे इंजिनियर व डॉक्टर तिकडे जाऊं लागले ते या १९६५ च्या पालटानंतरच्या काळांत. आज ज्या सासूसासऱ्यांकडे सुना भेटीस निघतात, त्यांच्यांतले कित्येक त्याच वाटेनें गेलेले आहेत.

आतां मुख्य गोष्ट. १९५२ च्या त्या कायद्यांत २१४ (बी) या अंकाचें एक कलम आहे. त्याचा आशय असा कीं, भेटीसाठीं व्हिसा मागणारा प्रत्येक मनुष्य हा वस्तुतः कायम राहावयास येत आहे असेंच अधिकाऱ्यानें आरंभीं गृहीत धरावें, आणि तसें नाहीं हें अर्जदारानें पटवून द्यावें. आपल्या न्यायालयांत आरोपीला गुन्हा शाबीत होईपर्यंत निर्दोष मानतात; येथें त्याच्या उलट आहे. पुराव्याचा भार अर्जदारावर. अधिकारी कठोर दिसला तर त्याच्या स्वभावाला दोष देण्याचें कारण नाहीं. गृहीत कायद्यानेंच घालून दिलेलें आहे, आणि तें अविवाहित विद्यार्थ्यापासून निवृत्त आजोबांपर्यंत सर्वांस सारखेंच लागू आहे.

या गृहीतांत परक्या पत्नीची जागा कोठें येते तें पाहावें. ज्याचें अमेरिकेंत कोणी नाहीं, त्याला तेथें राहून जाण्याची वाट सहजीं सांपडत नाहीं. परंतु अमेरिकन नागरिकाच्या पत्नीला ती वाट सर्वांत जवळची असते. नागरिकाच्या पत्नीसाठीं स्थायिक होण्याच्या परवान्यांना वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. म्हणून अधिकाऱ्याच्या मनांत साहजिकच प्रश्न येतो : ही बाई पाहुणी म्हणून जाईल आणि तेथेंच अर्ज करून राहील काय? म्हणजे त्याचा संशय तिच्या चारित्र्यावर नसून तिच्या सोयीवर असतो. हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे मुलाखतींतला प्रत्येक प्रश्न कोठून येतो तें कळूं लागतें.

शेजारपाजारच्या सल्ल्यांनीं घोटाळा होतो तो येथेंच. इमारतींत कोणी म्हणतें, “आमच्या सुनेला कांहींसुद्धां विचारलें नाहीं, लग्नाचा दाखला पाहिला आणि व्हिसा दिला.” चौकशी केली असतां कळतें कीं त्या सुनेचा नवरा भारतीय नागरिक असून एच-१बी व्हिसावर नोकरी करतो, आणि सुनेनें मागितला होता तो एच-४ व्हिसा, म्हणजे नवऱ्याबरोबर राहण्याचाच. त्या दोन प्रकारांना कायम राहण्याच्या हेतूचें वरील गृहीत लागू नाहीं. तेथें विवाह खरा आहे एवढें दिसलें म्हणजे बहुतेक काम झालें. भेटीच्या बी-२ व्हिसाला तोच लग्नाचा दाखला पुढें केला, तर तो अडचणीचाच पुरावा होऊं शकतो. एकाचें औषध दुसऱ्यास लागू पडत नाहीं, तसेंच हें आहे.

म्हणून तयारीची पहिली पायरी घरांत बसून आपलें प्रकरण कोणत्या प्रकारचें आहे तें ठरविण्याची. ढोबळ मानानें तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार वर सांगितला तो. पति अमेरिकन नागरिक, पण दोघांचा संसार भारतांत. येथें भेटीचा व्हिसा हाच योग्य व्हिसा होय. कित्येक दलाल अशा जोडप्यांना सांगतात, “हक्क आहे तर ग्रीन कार्डच घेऊन टाका, मग येण्याजाण्याची कटकट नाहीं.” हा सल्ला अपुरा आहे. ग्रीन कार्ड हें तेथें राहणाऱ्यासाठीं आहे. तें घेऊन वर्षावर वर्षें डोंबिवलींत काढलीं, तर तेथील वास्तव्य सोडलें असें मानलें जाऊं शकतें, आणि एवढा खर्च व खटाटोप वायां जातो.

दुसऱ्या प्रकारांत पति अमेरिकेंत नोकरीला आहे आणि पत्नी डोंबिवलींत वाट पाहात आहे. तिच्यासाठीं पतीनें स्थायिकतेचा अर्ज केलेला आहे किंवा करणार आहे. मधल्या काळांत चार आठवडे भेटून यावें अशी दोघांची इच्छा. इच्छा रास्त आहे, आणि अशा भेटीला कायद्यानें सरसकट मनाईही नाहीं. परंतु अधिकाऱ्याचा संशय येथें सर्वांत बळकट असतो. जिचा पति तेथें, संसार पुढें तेथेंच व्हावयाचा, ती मध्येंच परत कशासाठीं येईल, याला ठोस उत्तर असेल, जसें अर्धवट राहिलेली परीक्षा अथवा ठराविक तारखेला पुन्हां रुजू होण्याची नोकरी, तरच अर्ज करावा. नाहींतर पतीनें सुटी काढून इकडे येणें हें स्वस्त व निश्चित.

तिसऱ्या प्रकारांत पति नागरिक नसून ग्रीन कार्डधारक असतो. त्याच्या पत्नीसाठीं स्थायिकतेचे परवाने आहेत, पण त्यांना वार्षिक मर्यादा असल्यानें रांगेंत थांबावें लागतें. भेटीच्या व्हिसाच्या दृष्टीनें हा प्रकार दुसऱ्यासारखाच समजावा.

प्रकार ठरला म्हणजे अर्जाकडे वळावें. हा अर्ज डी.एस.-१६० या नांवाचा असून संगणकावर इंग्रजींत भरावयाचा असतो. १७ जून २०२३ पासून भेटीच्या व्हिसाच्या अर्जाचें शुल्क १८५ डॉलर झालें. नकार मिळाला तरी तें परत मिळत नाहीं. लोक मुलाखतीला भितात आणि अर्ज कोणाकडून तरी भरून घेतात. वस्तुतः करावयाचें तें उलट. मुलाखत घेणारा अधिकारी आधीं अर्ज पाहतो, आणि पुष्कळदां त्याचें मत निम्मेंअधिक तेथेंच बनलेलें असतें. अर्ज दुसऱ्यानें टंकला तरी चालेल, पण त्यांतली प्रत्येक ओळ पत्नीनें स्वतः वाचलेली व समजलेली असावी; कारण सही तिची, आणि जबाबदारीही तिचीच.

अर्जांतल्या चार जागा विशेष जपून भराव्यात. एक, नांवें. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचें मधलें नांव व आडनांव बदलतें, आणि कांहीं घरांत पहिलें नांवही बदलतात. मग शाळेचा दाखला एका नांवाचा, लग्नाचा दाखला दोन्ही नांवांचा, आणि पासपोर्ट तिसऱ्याच मांडणीचा, असें होतें. आपल्याला यांत कांहींच वावगें वाटत नाहीं. परंतु ज्याला ही रीत ठाऊक नाहीं त्याला तीं तीन वेगळीं माणसें दिसतात. अर्जांत पासपोर्टावरचें नांव जसेंच्या तसें लिहावें, आणि ‘पूर्वीं वापरलेलीं इतर नांवें’ या जागीं माहेरचें नांव न विसरतां घालावें. पासपोर्ट जुन्या नांवाचा असेल व नवें नांव वापरावयाचें असेल, तर आधीं पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा आणि मगच अर्जाला हात घालावा. 

दुसरी जागा नातलगांची. अमेरिकेंत पति, आईबाप, मुलें वा भावंडें आहेत काय, आणि त्यांचा तेथील दर्जा काय, हें अर्जांत विचारलेलें असतें. तिसरी जागा त्याहून नाजूक : अर्जदारासाठीं कोणीं कधीं स्थायिकतेचा अर्ज केला होता काय? आणि चौथी, पूर्वीं कधीं व्हिसा नाकारला गेला आहे काय? या ठिकाणीं ‘नाहीं’ लिहिण्याचा मोह होतो. “नवरा नागरिक आहे हें लिहूंच नका, विचारलें तर बघूं,” असा कानमंत्र देणारे भेटतात. हा कानमंत्र घातक आहे. २१४ (बी) खालचा नकार हा तात्पुरता असतो. परिस्थिति बदलली कीं पुन्हां अर्ज करतां येतो. परंतु महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून लपविली वा खोटी सांगितली असें ठरलें, तर त्याच कायद्यांतल्या दुसऱ्या कलमाखालीं तो मनुष्य प्रवेशाला कायमचा अपात्र होतो, आणि ती अपात्रता काढून घेण्यासाठीं वेगळी माफी मागावी लागते. म्हणजे सहा आठवड्यांची भेट साधावी म्हणून केलेली एक लपवालपवी पुढें खरोखरच तेथें राहावयास जाण्याची वेळ आली असतां आयुष्यभर आडवी येते. पतीनें केलेला स्थायिकतेचा अर्ज त्यांच्याच सरकारच्या दप्तरीं असतो. तो लपणार तरी कोणापासून? शिवाय २०१९ पासून गेल्या पांच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरचीं नांवेंही अर्जांत विचारतात. एका हातानें ‘आम्ही कायमचे चाललों’ म्हणून मित्रमंडळींना कळवावें आणि दुसऱ्या हातानें भेटीचा अर्ज भरावा, हें शहाणपणाचें नव्हे.

आतां प्रत्यक्ष मुलाखतीचा सराव. पुष्कळ घरांत तो असा होतो : पति अधिकारी बनून खुर्चींत बसतो, पत्नी समोर उभी राहते.

“अमेरिकेस कशासाठीं जावयाचें आहे?”

“सासूसासऱ्यांना भेटावयाला. मे महिन्यांत मुलाला सुटी लागली कीं आम्ही तिघें सहा आठवड्यांसाठीं जाणार आहोंत.”

“तिकडे राहणार कोठें?”

“न्यू जर्सींत, सासूसासऱ्यांच्या घरीं.”

“तुमचे पति अमेरिकन नागरिक आहेत. मग तुम्ही तेथेंच कां राहात नाहीं?”

येथें सराव अडतो. पत्नी हळूच विचारते, “अहो, याला काय सांगूं? तुमच्या नोकरीचें सांगूं कीं घराच्या हप्त्यांचें?”

“जें खरें असेल तें सांग. आपण येथें कां राहतों, हें तुला ठाऊक नाहीं का?”

“ठाऊक आहे हो; पण तुम्हीं तरी कधीं नीट ठरवलें आहे का?”

हा शेवटचा प्रश्न थट्टेचा नाहीं. सगळ्या तयारीचें मर्म त्यांत आहे. कित्येक जोडप्यांनीं तो प्रश्न एकमेकांना कधींच विचारलेला नसतो. पतीच्या मनांत, मूल दहावी झालें कीं तिकडे जावें. पत्नीच्या मनांत, येथल्या आईबापांना सोडून जाणें नको. आणि दोघेही तो विषय पुढें ढकलीत आलेले. मग खिडकीपुढें उत्तर चांचरतें तें इंग्रजी येत नाहीं म्हणून नव्हे, तर घरांतच उत्तर तयार नाहीं म्हणून. पाठ करून ठेवलेलें वाक्य अशा वेळीं मदतीला येत नाहीं. अधिकारी दिवसभर शेंकडों उत्तरें ऐकत असतो. घोकलेलें उत्तर त्याला चटकन् ओळखूं येतें, आणि त्यानें पुढचा प्रश्न थोडा वळवून विचारला कीं घोकणारा उघडा पडतो.

तेव्हां सराव हा वाक्यांचा न करतां वस्तुस्थितीचा करावा. पतीची नोकरी कोठें, किती वर्षांची. पत्नी काय काम करते, रजा किती दिवसांची मिळाली. मुलाची शाळा केव्हां सुरू होते. घर स्वतःचें कीं भाड्याचें. येथें कोणाची देखभाल करावी लागते. प्रवासाचा खर्च कोण करणार. या गोष्टी दोघांनीं एकदां मोकळेपणानें बोलून घ्याव्यात. म्हणजे प्रश्न कोणत्याही बाजूनें आला तरी उत्तर एकच निघतें. “पुढें तेथें राहावयाचें ठरलें तर?” असा प्रश्न आला, तर “कधींच जाणार नाहीं” अशी शपथ घेण्याचें कारण नाहीं. “आज आमचा संसार येथें आहे. पुढें तसें ठरलें, तर त्यासाठीं असलेला स्थायिकतेचा व्हिसा रीतसर मागूं,” हें उत्तर खरेंही आहे आणि पुरेसेंही. कायदा विचारतो तो या फेरीचा हेतु. साऱ्या जन्माचा नव्हे.

उत्तर आंखूड असावें. विचारलें तेवढेंच सांगावें, पण विचारलेलें सगळें सांगावें. इंग्रजीची भीति वाटत असेल तर मुंबईच्या वकिलातींत मराठींतूनही बोलतां येतें. मोडक्या इंग्रजींत भलताच अर्थ होण्यापेक्षां स्वच्छ मराठी केव्हांही चांगली. जी बाई डोंबिवलीच्या गर्दीच्या गाडींत आपली जागा धरून उभी राहते, तिला एका खिडकीपुढें दोन मिनिटें उभें राहण्याचें भय नसावें.

कागदांविषयीं एक गैरसमज दूर करणें जरूर आहे. पुष्कळ लोक दप्तरभर कागद नेतात आणि सासऱ्यांचें आमंत्रणपत्र व हमीपत्र सर्वांत वर ठेवतात. भेटीच्या व्हिसाला आमंत्रणपत्र वा हमीपत्र लागत नाहीं, असें अमेरिकेचें परराष्ट्र खातें स्वतःच सांगतें. निर्णय होतो तो अर्जदाराच्या येथल्या मुळांवर, तिकडच्या यजमानांच्या श्रीमंतीवर नव्हे. म्हणून पासपोर्ट, अर्जाची व मुलाखतीच्या वेळेची पावती हे आवश्यक कागद. त्याखेरीज लग्नाचा नोंदणी-दाखला, दोघांच्या नोकरीचीं व रजेचीं पत्रें, मुलाच्या शाळेचें पत्र, घराचे कागद, पतीच्या ओ.सी.आय. कार्डाची प्रत व भारतांत भरलेल्या प्राप्तिकराचीं विवरणपत्रें जवळ असावींत. यांतला शेवटचा कागद अशा प्रकरणीं विशेष उपयोगी, कारण पति खरोखरच भारतांत राहून कमावतो हें त्यांतून दिसतें. अधिकारी यांतला एकही कागद न पाहतां निर्णय देऊं शकतो. तरी मागितला तर हातांत असावा.

मुलाखतीआधीं दुसऱ्या एका केंद्रावर बोटांचे ठसे व छायाचित्र द्यावें लागतें. अर्जासोबतचें छायाचित्र अलीकडचें व चष्म्याशिवाय असावें. चष्म्याची मनाई १ नोव्हेंबर २०१६ पासून आहे. मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलांतल्या वकिलातींत होते; पूर्वीं ती ब्रीच कॅंडीजवळच्या लिंकन हाऊसमध्यें होती, ती नोव्हेंबर २०११ मध्यें येथें आली. डोंबिवलीहून कुर्ल्यापर्यंत लोकल व तेथून बस अथवा रिक्षा ही नेहमींची वाट. सकाळची वेळ मिळाली असेल तर गाड्यांचा खोळंबा धरून दोन गाड्या आधींच निघावें. मोबाईल आंत नेतां येत नाहीं. तो घरीं ठेवावा किंवा बरोबर आलेल्या माणसापाशीं द्यावा. पतीला सहसा आंत सोडीत नाहींत. आपण अमेरिकन नागरिक आहों, तेव्हां आपण पुढें होऊन सांगितलें कीं काम होईल, असें कित्येक पतींना वाटतें. तसें नाहीं. खिडकीपुढें पत्नी एकटीच असते, आणि म्हणूनच सगळी माहिती तिच्या तोंडीं असली पाहिजे.

नागरिक पतीच्या हक्काविषयीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें जून २०२४ मध्यें एक महत्त्वाचा निकाल दिला. सांड्रा मुन्योझ या अमेरिकन नागरिक बाईच्या एल साल्वाडोरच्या पतीला तेथल्या वकिलातीनें स्थायिकतेचा व्हिसा नाकारला होता. आपल्या पतीला देशांत येऊं न देणें हा आपल्याच मूलभूत हक्काचा भंग होय, असें तिचें म्हणणें. न्यायालयानें तें मानलें नाहीं : परक्या जोडीदाराला देशांत प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे, असें बहुमतानें ठरलें. प्रकरण स्थायिकतेचें होतें. तरी त्यावरून वकिलातींतल्या अधिकाऱ्याचा शब्द किती अंतिम असतो हें समजतें. भेटीच्या व्हिसाच्या नकारावर अपील नाहीं. म्हणून आधींची तयारी हीच खरी वकिली.

निकाल तीन प्रकारचे होऊं शकतात. व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट ठेवून घेतात व मागाहून परत देतात. एखादा कागद वा चौकशी बाकी असेल तर २२१ (जी) या कलमाखालीं प्रकरण थांबवून ठेवतात. तो अंतिम नकार नव्हे, मागितलेला कागद वेळेवर द्यावा. आणि तिसरा तो २१४ (बी) चा नकार. तो आला तर दुसऱ्याच आठवड्यांत नवें शुल्क भरून तोच अर्ज पुन्हां टाकण्यांत अर्थ नसतो. काय बदललें, याचें उत्तर जवळ असेल तेव्हांच पुन्हां जावें. नकार म्हणजे अपमान नव्हे, आणि सुनेच्या बोलण्यांतली चूकही नव्हे. घरांतल्या मोठ्या माणसांनीं “तुला दोन वाक्यें नीट बोलतां आलीं नाहींत” असें म्हणूं नये. अशा वेळीं सासऱ्यांकडे पतीनें व नातवानें जाऊन यावें, आणि सुनेचा अर्ज परिस्थिति पाहून पुढें करावा.

व्हिसा मिळाला म्हणजे सगळें झालें असेंही नाहीं. भारतीयांना भेटीचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो. त्यावरून दहा वर्षें राहतां येतें असें कोणी समजूं नये. व्हिसा हा दारापर्यंत जाण्याचा परवाना. आंत किती दिवस राहावयाचें तें विमानतळावरचा अधिकारी ठरवितो. साधारणपणें सहा महिने देतात, आणि ती तारीख आय-९४ या नोंदींत असते. उतरल्यावर ती नोंद पाहून ठेवावी. १९९६ च्या कायद्याप्रमाणें त्या तारखेनंतर १८० दिवसांहून अधिक राहून मग देश सोडला, तर तीन वर्षें, आणि वर्ष वा अधिक राहिल्यास दहा वर्षें पुन्हां प्रवेश मिळत नाहीं. तसेंच भेटीसाठीं म्हणून जाऊन लगेच तेथें स्थायिकतेचा अर्ज केला, तर खिडकीपुढें सांगितलेला हेतु खोटा होता असा संशय घेतात; नव्वद दिवसांच्या आंत असें झालें तर तो विशेष बळावतो.

खरें पाहतां सहा आठवड्यांचें सांगून सहा आठवड्यांनीं परत येणें, हीच पुढच्या मुलाखतीची सर्वांत मोठी तयारी होय. पहिल्या खेपेस अर्जदाराला आपला हेतु शब्दांनीं पटवावा लागतो; दुसऱ्या खेपेस तो पासपोर्टावरच्या शिक्क्यांनीं व त्यांच्या दप्तरांतल्या नोंदींनीं आपोआप पटतो. सासऱ्यांची भेट झाली, नातवानें आजोबांचा हात धरून चार दिवस फेरफटका केला, आणि जूनमध्यें शाळेची घंटा होण्यापूर्वीं तिघें डोंबिवलीच्या आपल्या घरीं परतलीं, म्हणजे कायद्याचें गृहीत त्या घरापुरतें तरी खोटें ठरलें. तें खोटें ठरविण्याचें दुसरें साधन नाहीं.